गॅमा-रे बर्स्ट स्वतः शोधून बघायचाय? मुंबईत बसून, लॅपटॉपवर, अगदी पहिल्यापासून

९ ऑक्टोबर २०२२ आठवतोय का? रविवार होता आणि कोजागिरी होती. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी, म्हणजे घरोघरी दूध आटवायला ठेवायच्या सुमारास, आजवर नोंदला गेलेला सगळ्यात तेजस्वी गॅमा-रे बर्स्ट, म्हणजे दूर अवकाशातून आलेला गॅमा किरणांचा झटका, पृथ्वीपर्यंत येऊन पोचला आणि तोही आपल्या जवळजवळ डोक्यावरून, खस्वस्तिकापासून जेमतेम दोन अंशांवरून. हे मी नंतर स्वतः गणित करून पाहिलं, त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश म्हणा, अधिक २० अंशांच्या आसपास, मुंबईचा अक्षांश १९, आणि त्या मिनिटाला तो आपल्या मध्यमंडलाला, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेघेला, जवळजवळ टेकलेला होता. तीन-चार मिनिटांनी त्याचा मुख्य झोत आला, वरच्या आयनोस्फिअरमध्ये गडबड झाल्याचं उपकरणांवर दिसलं, आणि खाली आपल्यापैकी कुणालाही काहीच जाणवलं नाही, कारण गॅमा किरण वातावरणात वरच्या वर शोषले जातात. ते किरण निघाले होते सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी.

त्या बर्स्टचं नाव जीआरबी २२१००९ए. मी तो डेटा पहिल्यांदा उघडला त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते. म्हणून हे लिहितेय, कारण मुंबईत खगोलशास्त्राची आवड असलेल्या खूप जणांना वाटतं की आपल्याकडे आकाशच नाही, दिव्यांचा उजेड, जून ते सप्टेंबर ढग, नीट तारे बघायचे तर वांगणी नाहीतर त्याच्या पुढे जायचं. पण या विषयाला आकाश लागतच नाही हो. दुर्बीण आधीच वर फिरतेय, डेटा फुकट आहे, आणि मुलुंडच्या वन बीएचकेत बसून मी तो बघते तसा तुम्हीही बघू शकता. मी शिकलेली भौतिकशास्त्रज्ञ नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते, बारावीपर्यंतचं विज्ञान आणि थोडं पायथन एवढ्यावर सुरू केलं.

आधी थोडक्यात, हे आहे काय

१९६७ साली अमेरिकेच्या वेला उपग्रहांना, जे चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला वर सोडले होते, अवकाशातून आलेले गॅमा किरणांचे झटके दिसले. जाहीर झालं १९७३ मध्ये. नंतर कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी या उपकरणाने १९९१ ते २००० मध्ये २७०४ बर्स्ट पकडले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे पसरलेले निघाले, आकाशगंगेच्या पट्ट्यात गोळा झालेले नव्हते, म्हणजे ते खूप लांबचे असणार अशी शंका बळावली. १९९७ मध्ये बेप्पोसॅक्सने एका बर्स्टनंतरची एक्स-रे धग पकडली आणि मग अंतरं मोजता आली. आता साधारण चित्र असं आहे की काही बर्स्ट प्रचंड वजनदार तारा कोसळताना होतात, काही दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आपटून, आणि दोन्हीत प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेला पदार्थाचा अरुंद झोत निघतो, तो आपल्याकडे रोखलेला असेल तरच आपल्याला दिसतो. एवढं पुरे, बाकीचं डेटा बघता बघता समजतं.

पायरी १: दुर्बीण ओळखा

इथे लोक घाई करतात, करू नका. दुर्बीण म्हटलं की भिंग किंवा आरसा डोळ्यासमोर येतो, पण या ऊर्जेचे गॅमा किरण तसे आरशाने गोळा करता येत नाहीत, म्हणून इथे बहुतेक वेळा दुर्बीण म्हणजे फक्त मोजणी करणारा डिटेक्टर असतो.

सुरुवातीला नासाच्या फर्मी उपग्रहावरचं जीबीएम, म्हणजे गॅमा-रे बर्स्ट मॉनिटर हे उपकरण घ्या. फर्मी ११ जून २००८ ला गेला. जीबीएममध्ये सोडियम आयोडाइडचे १२ डिटेक्टर आहेत, प्रत्येक म्हणजे सुमारे १२.७ सेंटिमीटर व्यासाची आणि सव्वा सेंटिमीटर जाडीची स्फटिकाची चकती, साधारण भाकरीसारखी म्हणा. गॅमा फोटॉन, म्हणजे किरणांचा एकेक कण, आत शिरला की स्फटिकात बारीकसा उजेड चमकतो, मागची नळी तो मोजते, जितका उजेड तितकी ऊर्जा. हे १२ डिटेक्टर ८ केईव्ही ते १ एमईव्ही बघतात (ही ऊर्जेची एककं, १ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही), आणि बीजीओ नावाच्या स्फटिकाचे अजून दोन २०० केईव्ही ते ४० एमईव्ही बघतात. बाराही चकत्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवल्यात. बर्स्ट ज्या चकतीच्या समोर असेल तिला जास्त फोटॉन मिळतात, तिरक्या असलेल्यांना कमी, आणि कुणाला किती मिळाले यावरूनच दिशा काढतात. म्हणून जीबीएमची दिशा ढोबळ असते, कित्येकदा काही अंशांची चूक, आणि पूर्ण चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश व्यापतो हे लक्षात घ्या म्हणजे ती चूक केवढी ते कळेल.

स्विफ्ट उपग्रह वेगळी युक्ती वापरतो. त्याच्या डिटेक्टरवर शिशाच्या हजारो तुकड्यांची जाळी आहे, बर्स्टमुळे तिची सावली पडते, ती कशी पडली यावरून दिशा काही कलांमध्ये, म्हणजे अंशाच्या बारीक भागापर्यंत मिळते आणि मग उपग्रह स्वतः वळून एक्स-रे दुर्बीण तिकडे रोखतो.

आणि आपला ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याच्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण घडवण्यात कुलाब्याच्या टीआयएफआरचा मोठा वाटा, आणि त्याच्या डेटाचं काम पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत चालतं. ६४ मॉड्यूल, प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे एकूण १६,३८४. खरं तर ते समोरचं बघायला केलेलं, पण १०० केईव्हीच्या वर त्याच्या आजूबाजूच्या भिंती किरणांना पारदर्शक व्हायला लागतात, त्यामुळे बर्स्ट बाजूने आला तरी दिसतो. चालू केल्या केल्या, ६ ऑक्टोबर २०१५ लाच, त्याने पहिला बर्स्ट पकडला. आत्तापर्यंतची संख्या ५०० च्या पुढे गेलीये. मला याचा अभिमान आहे, पण तरी सांगते, पहिला सराव जीबीएमवरच करा, कारण त्याच्या फाइली तयार स्वरूपात मिळतात आणि शिकवण्या भरपूर आहेत.

पायरी २: बर्स्ट निवडा, आणि वेळेचा घोळ आधीच मिटवा

कोजागिरीचा तो बर्स्ट पहिल्यांदा घेऊ नका. इतका तेजस्वी होता की जीबीएमचे डिटेक्टर मोजता मोजता तुंबले, त्या भागातले आकडे सरळ वापरता येत नाहीत. तेजस्वी म्हणजे सोपा असं नसतं.

मी सुचवेन जीआरबी ०८०९१६सी. नाव वाचायची रीत सोपी: वर्ष, महिना, दिवस, आणि शेवटचं अक्षर त्या दिवशीचा कितवा ते सांगतं. फर्मीच्या यादीत मात्र तो बीएन०८०९१६००९ असा सापडेल, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं-आकडे. शेवटचे तीन आकडे म्हणजे दिवसाचा किती हजारांश भाग उलटला होता ते, ००९ म्हणजे मध्यरात्रीनंतर जेमतेम १३ मिनिटं. हा ००:१२:४५ ला ट्रिगर झाला, म्हणजे त्या क्षणी उपकरणाने बर्स्ट आल्याची नोंद केली.

पण कुठल्या घड्याळाने? जागतिक वेळेने. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ५ वाजून ४२ मिनिटं ४५ सेकंद झाले होते. हे साडेपाच तास माझे दोन अख्खे वीकएंड खाऊन गेले, मी एका बर्स्टचा आलेख आपल्या वेळेने शोधत बसले होते आणि तिथे सपाट रेघ, मला वाटलं डेटाच चुकीचा आहे. शिवाय फाइलमध्ये तारीख नसतेच, सेकंद असतात, फर्मीचे १ जानेवारी २००१ पासून मोजलेले आणि ॲस्ट्रोसॅटचे १ जानेवारी २०१० पासून. तर एक वही करा, प्रत्येक बर्स्टसाठी तीन रकाने: जागतिक वेळ, आपली वेळ, उपग्रहाचे सेकंद. ऑफिसमध्ये बॅलन्स जुळला नाही की आधी आपलीच एंट्री तपासायची सवय असते ना, तीच इथे लावा.

पायरी ३: फाइली उतरवा

नासाच्या हीसार्क संग्रहात जा, फर्मी जीबीएमची बर्स्ट यादी उघडा, नाव टाका. लॉगिन नाही, पैसे नाहीत. तिथे प्रत्येक डिटेक्टरच्या वेगवेगळ्या फाइली दिसतील. तुम्हाला टीटीई हव्यात, त्यात आलेल्या एकेका फोटॉनची वेळ आणि ऊर्जेचा कप्पा असतो, वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत बारीक आणि कप्पे १२८. सोबत त्याच डिटेक्टरची रिस्पॉन्स फाइल, जिच्या नावात आरएसपी असतं, ती विसरू नका, स्पेक्ट्रमला, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन आले ते काढायला, लागणारच आहे.

चौदाही डिटेक्टर उतरवायची गरज नाही. या बर्स्टसाठी सोडियम आयोडाइडच्या चकत्यांपैकी एन३, एन४ आणि बीजीओपैकी बी०. दुसरा कुठलाही बर्स्ट घेतला तर साधा नियम: बर्स्टच्या दिशेशी ६० अंशांपेक्षा कमी कोन करणारे डिटेक्टर घ्यायचे.

सॉफ्टवेअर म्हणाल तर पायथनमधलं जीडीटी पॅकेज, फर्मीवाल्या जोडणीसह. ऑनलाइन नोटबुकवरही चालतं, लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही. पुढे स्पेक्ट्रम जुळवायला एक्सस्पेक हे सॉफ्टवेअर लागेल, ते लिनक्स किंवा मॅकवर बसतं, विंडोजवाल्यांना आत लिनक्स घ्यावं लागतं. बसवायचा कंटाळा आला तर जीडीटीमध्येही फिटिंग होतं, चालेल.

पायरी ४: पहिला आलेख

टीटीई उघडा, ५० ते ३०० केईव्ही एवढीच ऊर्जा ठेवा, १ सेकंदाचे कप्पे करा, आडव्या अक्षावर ट्रिगरपासूनचे सेकंद आणि उभ्यावर दर सेकंदाला किती फोटॉन. शून्याच्या पुढे उसळी दिसेल, मग चढउतार, आणि साधारण मिनिटभर हळूहळू विझत जाणारं शेपूट. हा पहिला आलेख येतो ना तेव्हा थोडा वेळ नुसता बघत बसा. हे किरण निघाले तेव्हा पृथ्वी जन्मालाही आली नव्हती, सूर्यही नव्हता.

मग कप्पे बदला. ०.१ सेकंद करून बघा, ५ सेकंद करून बघा. बारीक केले की तपशील दिसतो पण गोंगाटही वाढतो, जाड केले की शांत दिसतं पण दोन टोकं मिसळून जातात. बरोबर एक असा आकडा नसतो, बेझियन ब्लॉक्स नावाची पद्धत आहे जी डेटा बघून कप्प्यांच्या सीमा स्वतः ठरवते, ती दुसऱ्या महिन्यात शिका.

पायरी ५: बॅकग्राउंड, इथेच सगळं ठरतं

मला या सगळ्या लेखात एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती. बर्स्ट नसतानाही डिटेक्टर शांत नसतो. एकेका चकतीत दर सेकंदाला शेकडो फोटॉन येतच असतात: आकाशभर पसरलेला एक्स-रे उजेड, पृथ्वीच्या वातावरणातून परत येणारे किरण, वैश्विक किरणांनी उपग्रहाच्याच धातूत पैदा केलेले किरण, आणि शिवाय उपग्रह दर दीड-पावणेदोन तासाला प्रदक्षिणा घालतो त्यामुळे हे सगळं सतत वरखाली होतं. दादरला संध्याकाळी सहाला ब्रिजवर उभं राहून कुणीतरी तुमचं नाव घेतलं का हे ओळखायचं, तर आधी ती गर्दी रोज कशी वाजते ते कानात बसलेलं पाहिजे. तसंच हे.

करायचं काय, तर बर्स्टच्या आधीचा आणि नंतरचा शांत भाग निवडायचा, त्यातून एक वक्र रेघ काढायची, आणि ती रेघ बर्स्टच्या खालून ओढून घ्यायची. आपल्या बर्स्टसाठी उणे २५ ते उणे ५ सेकंद आणि मग १२० ते २५० सेकंद घेऊन बघा. त्याच्या फार आधीचं मागू नका, कारण २०१२ च्या आधी टीटीई सलग साठवत नव्हते, ट्रिगरच्या सुमारे ३० सेकंद आधीपासून ३०० सेकंद नंतरपर्यंतचंच मिळतं.

रेघ किती वाकडी घ्यायची? पहिल्या किंवा दुसऱ्या घाताचं बहुपद. नवीन माणसाला चौथा घात घ्यायचा मोह होतो कारण ती बाजूच्या भागांवरून अगदी चपखल जाते, पण मधे, जिथे आपण तिला बघू शकत नाही, तिथे ती वाटेल तशी पोट काढते आणि तुमच्या बर्स्टचा तुकडा गिळते किंवा नसलेला बर्स्ट उभा करते. माझी पद्धत अशी: बर्स्ट झाकून टाकायचा, तीन वेगवेगळे शांत भाग निवडून तीन वेळा रेघ काढायची, आणि तिन्हींतून आलेली बर्स्टची एकूण संख्या वहीत लिहायची. तिन्ही आकडे जवळपास असतील तर पुढे जायचं. नसतील तर थांबायचं, कितीही सुंदर आलेख असला तरी. आणि हे प्रत्येक डिटेक्टरला आणि प्रत्येक ऊर्जापट्ट्याला वेगळं करायचं, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

पायरी ६: खरा आहे का ते तपासा

समजा बॅकग्राउंड सेकंदाला ९०० आहे. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने होणारी वरखाली साधारण वर्गमूळाएवढी असते, म्हणजे ३०, यालाच एक सिग्मा म्हणतात. एखाद्या सेकंदात १०५० आले तर १५० जास्त, म्हणजे पाच सिग्मा, हे दखल घेण्यासारखं. ९९० आले तर तीन सिग्मा, आणि इथे नवखे फसतात.

तीन सिग्मा वर जाण्याची शक्यता सुमारे ०.१३५ टक्के, ऐकायला फारच कमी. पण एका प्रदक्षिणेत ५७०० च्या वर सेकंद असतात, म्हणजे एका डिटेक्टरमध्ये एका फेरीत सात-आठ तीन-सिग्मावाले सेकंद आपोआपच येणार, काहीही न होता! म्हणूनच जीबीएम स्वतः ट्रिगर करताना किमान दोन डिटेक्टर एकाच वेळी साधारण साडेचार सिग्माच्या वर गेले पाहिजेत असा नियम लावतं. तुम्हीही तोच लावा. एकाच चकतीत दिसतंय आणि शेजारचीत नाही तर तो बर्स्ट नाही.

दोन्हीत दिसलं तरी अजून संशयित आहेत. सौरज्वाला: ही बहुतेक ५० केईव्हीच्या खालीच जोरात असते, मिनिटंच्या मिनिटं चालते, आणि सूर्याकडच्या एन० ते एन५ या चकत्यांमध्ये उठून दिसते. माझा पहिला शोध हीच निघाली, तीन दिवस मी आनंदात होते, मग त्याच वेळेची सौरज्वालांची यादी काढून बघितली आणि मिनिटाला मिनिट जुळली. तेव्हापासून ती यादी मी सगळ्यात आधी उघडते. मॅग्नेटार नावाचे अतिचुंबकी न्यूट्रॉन तारे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे छोटे, मऊ म्हणजे कमी ऊर्जेचे झटके देतात आणि एकाच जागेहून पुन्हा पुन्हा देतात. गडगडाटी ढगांतूनही गॅमा किरण वर उडतात, ते तर मिलिसेकंदाच्या आत संपतात, आपल्या पावसाळी ढगांकडे बघताना मला हे हमखास आठवतं. आणि दक्षिण अटलांटिकवरचा तो भाग, जिथे पृथ्वीभोवतीचा कणांचा पट्टा खाली उतरलेला आहे: उपग्रह त्याच्या जवळ आला की मोजणी चढायला लागते, आत गेला की डिटेक्टर बंद ठेवतात. अशा वेळी आलेख सगळ्या डिटेक्टरमध्ये एकसारखा चढताना दिसतो, बर्स्टमध्ये मात्र समोरच्यांना जास्त आणि पाठमोऱ्यांना कमी असा फरक असतो. तो फरक शोधा.

पायरी ७: किती वेळ चालला

टी९० म्हणतात त्याला. बॅकग्राउंड वजा केल्यावर उरलेले फोटॉन सुरुवातीपासून बेरजेने मोजत जायचे, एकूणच्या ५ टक्के कधी झाले आणि ९५ टक्के कधी झाले ते बघायचं, मधला वेळ म्हणजे टी९०. आपल्या बर्स्टचा ६० ते ६५ सेकंदांच्या आसपास यायला हवा. तुमचा ४० आला तर बहुधा रेघ वर गेली आणि शेपूट कापलं गेलं, पायरी ५ ला परत.

दोन सेकंदांपेक्षा कमी असेल तर छोटा, जास्त असेल तर लांब, आणि छोटे म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, लांब म्हणजे तारा कोसळला, असं जुन्या लेखांत वाचाल. ही सीमा १९९३ मध्ये बॅट्सीच्या डेटावरून आली आणि ढोबळपणे अजून चालते, पण जीआरबी २११२११ए अर्ध्या मिनिटाहून जास्त चालला आणि तरी त्याच्या मागे टकरीची खूण, किलोनोव्हा, सापडली. त्यामुळे नुसत्या वेळेवरून निकाल देऊ नका.

पायरी ८: स्पेक्ट्रम

इथे भीती वाटते सगळ्यांना, मलाही वाटली. कल्पना अशी की डिटेक्टरने मोजलेली ऊर्जा म्हणजे फोटॉनची खरी ऊर्जा नव्हे. ५०० केईव्हीचा फोटॉन स्फटिकात अर्धीच ऊर्जा टाकून बाहेर पडू शकतो. म्हणून मोजणीवरून उलटं खऱ्या स्पेक्ट्रमकडे जाता येत नाही, उलट एक स्पेक्ट्रम गृहीत धरायचा, रिस्पॉन्स फाइलमधून गाळून घ्यायचा, आणि मोजणीशी जुळतो का बघायचं, नाही जुळला तर आकडे हलवायचे. फिटिंग म्हणजे एवढंच.

गृहीत धरायला बँड फंक्शन घ्या, १९९३ पासून सगळे वापरतात. खालच्या ऊर्जेला एक उतार अल्फा, वरच्या ऊर्जेला दुसरा उतार बीटा, आणि मधे शिखर-ऊर्जा. साधारणपणे अल्फा उणे १ च्या जवळ, बीटा उणे २ पेक्षा थोडा खाली, शिखर काहीशे केईव्हीला. एक्सस्पेकमध्ये त्याचं नाव जीआरबीएम आहे, आणि लक्षात ठेवा, ते शिखर-ऊर्जा देत नाही, दुसरीच एक ऊर्जा देतं, तिला अल्फा अधिक २ ने गुणलं की शिखर मिळतं. हे न कळल्यामुळे कित्येकांचे आकडे प्रकाशित निकालांशी जुळत नाहीत आणि ते बिचारे बॅकग्राउंड तपासत बसतात.

अजून तीन गोष्टी हाताशी ठेवा. सोडियम आयोडाइडमध्ये ३३ केईव्हीला आयोडीनमुळे पायरी येते, तिथला ३० ते ४० चा भाग वगळतात. बीजीओ आणि चकत्यांची मोजणी थोडी मागेपुढे असते, म्हणून मधे एक गुणक मोकळा सोडतात. आणि जुळणी मोजताना पीजी-स्टॅट निवडा, साधा काय-स्क्वेअर नको, कारण वरच्या ऊर्जेच्या कप्प्यांत फोटॉन मोजके असतात.

आता मजा. बर्स्टचे तुकडे करून प्रत्येकाचा स्पेक्ट्रम वेगळा काढा. पहिल्या ३.६ सेकंदांत शिखर ४४० केईव्हीच्या आसपास येईल, पुढच्या चार सेकंदांत एकदम १ एमईव्हीच्या वर उडी घेईल, आणि त्यानंतरच्या तुकड्यांत परत उतरेल. फर्मीच्या टीमनेही अशीच उडी मांडली होती, त्यांच्या पहिल्या तुकड्याचा अल्फा उणे ०.५८ होता. साध्या सिंक्रोट्रॉन सिद्धांताप्रमाणे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉन हे किरण सोडतात असं धरलं तर, अल्फा उणे दोन-तृतीयांशच्या वर जायला नको. म्हणजे तुमच्या घरच्या लॅपटॉपवर आलेला आकडा अजून वादात असलेल्या प्रश्नाला जाऊन भिडतो, आणि हे मला दर वेळी अंगावर काटा आणतं.

पायरी ९: अंतर असेल तर ऊर्जा

गॅमा किरणांवरून अंतर कळत नाही. ते जमिनीवरच्या दुर्बिणी शोधतात, बर्स्टनंतरची धग पकडून: लडाखला हान्लेला ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया आहे, जिच्यात पवईच्या आयआयटीचा हात आहे, नैनिताल जवळ देवस्थळला ३.६ मीटरची आहे, आणि रेडिओसाठी आपल्या नारायणगावजवळची जीएमआरटी. या सगळ्यांचे निरोप जीसीएन या जाळ्यावर मिनिटा-तासांत येतात, कुणालाही वाचता येतात. रोज सकाळी ट्रेनमध्ये ते वाचणं ही मला लागलेली सगळ्यात चांगली सवय.

जीआरबी ०८०९१६सी चा रेडशिफ्ट, म्हणजे विश्व प्रसरण पावल्यामुळे प्रकाश किती ताणला गेला त्याचा आकडा, ४.३५. पायथनमध्ये ॲस्ट्रोपाय या पॅकेजला विचारून तेजस्विता-अंतर काढा, त्याचा वर्ग करा, चार पायने गुणा, मग दर चौरस सेंटिमीटरला मोजलेल्या एकूण ऊर्जेने गुणा, आणि एक अधिक रेडशिफ्टने भागा. फर्मीची दोन्ही उपकरणं, जीबीएम आणि त्याहून जास्त ऊर्जा बघणारं लॅट, धरून उत्तर ८.८ गुणिले १० चा ५४ वा घात अर्ग (ऊर्जेचं एकक) एवढं निघालं होतं, म्हणजे पाचेक सूर्यांचं पूर्ण वस्तुमान ऊर्जेत बदललं तर जेवढं होईल तेवढं. ही ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी गेली असं धरून आहे, झोत अरुंद असल्यामुळे खरी बरीच कमी. फक्त जीबीएम वापरलंत तर तुमचा आकडाही कमी येईल, घाबरू नका.

पायरी १०: आता अवघड बर्स्ट

दहा-बारा सोपे बर्स्ट झाले की बीएन१७०८१७५२९ उतरवा. १७ ऑगस्ट २०१७, आपल्या वेळेने संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटं. डिटेक्टर एन१, एन२ आणि एन५. तिन्हींची मोजणी एकत्र करा, ५० ते ३०० केईव्ही, पाव सेकंदाचे कप्पे. दिसेल ती दोन सेकंदांची छोटीशी टेकडी, अगदी किरकोळ. एकेक डिटेक्टर वेगळा बघितला तर अजूनच फिकी.

त्याच्या १.७ सेकंद आधी गुरुत्वलहरींच्या डिटेक्टरमधून दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याचा सिग्नल येऊन गेला होता. नंतर १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत जागा सापडली. ॲस्ट्रोसॅटला तो दिसला नाही, कारण त्या क्षणी मधे पृथ्वी होती, पण न दिसण्याचाही उपयोग झाला, आकाशाचा तेवढा भाग शोधातून वगळता आला. अशी जागा चुकू नये म्हणूनच आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने दक्ष नावाची योजना मांडलेली आहे, पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे एकाला पृथ्वी आड आली तरी दुसरा बघत असेल.

तर ही टेकडी समोर ठेवा आणि पायरी ५ पुन्हा पहिल्यापासून करा, झाकून, तीन वेळा, तीन वेगळ्या शांत भागांवरून. किती सिग्मा आला ते प्रत्येक वेळी वहीत लिहा. आणि त्याच्या शेजारी हेही लिहा, की गुरुत्वलहरींबद्दल काहीच माहीत नसतं, तर तुम्ही याला बर्स्ट म्हटलं असतं का.